वृषणापासून कांडीपर्यंत : नर प्रजननमार्गातील प्रथिने आणि शुक्राणूची परिपक्वता

वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण दिसतो. डोके असते, डोक्यावर ॲक्रोसोमचे आवरण असते, मधल्या भागाला मायटोकाँड्रियांचा वेढा असतो आणि मागे लांब शेपूट असते. तरीही या शुक्राणूला सरळ पोहता येत नाही, अंडपेशीच्या कवचाला चिकटता येत नाही आणि तिच्याशी एकरूपही होता येत नाही. या सर्व क्षमता त्याला पुढच्या वाटेवर मिळतात. ही वाट आधी वृषणाला बिलगून असलेल्या अधिवृषणातून, म्हणजे एपिडिडिमिसमधून जाते आणि नंतर सहायक ग्रंथींच्या स्रावांतून. शुक्राणू स्वतः नवे प्रथिन जवळपास बनवू शकत नाही. त्याचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरील जनुके वाचली जात नाहीत आणि पेशीद्रवाचा बहुतेक भाग त्याने टाकून दिलेला असतो. त्यामुळे जे काही लागते ते बाहेरूनच यावे लागते. मार्गाच्या भिंतीतून स्रवलेली प्रथिने त्याच्या पेशीपटलावर बसतात, आधीची काही प्रथिने कापली जातात, काही जागा बदलतात, काही उतरवली जातात. परिपक्वता म्हणजे मुख्यतः शुक्राणूच्या पृष्ठभागाची ही पुनर्रचना.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत या विषयाला रोजच्या जगण्याचा संदर्भ आहे. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पणदऱ्यासारख्या गावांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसाच्या जोडीला संकरित गाईंचा गोठा आला. या गोठ्यातल्या बहुतेक गाई वळू पाहतच नाहीत. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा येतो, द्रव नत्राच्या पात्रातून गोठित रेताची कांडी काढतो आणि गाय भरवतो. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली, म्हणजे उलटली, तर महिन्याचे गणित बिघडते, वेत लांबते आणि भाकड काळातला चारा अंगावर पडतो. गाय उलटण्याची कारणे पुष्कळ असतात. माज नीट न ओळखणे, चाऱ्यातली खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा दाह, कांडी वितळवण्यातली चूक ही त्यांतली नेहमीची. पण एक कारण कांडीच्या आतही असू शकते, आणि ते शुक्राणूंची संख्या मोजून कळत नाही.

ही कांडी गावापर्यंत आणण्याचे काम ज्या संस्थांनी केले, त्यांत हवेली तालुक्यातील उरुळी कांचनच्या ‘बाएफ’चे नाव आधी घ्यावे लागते. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीला सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी मणिभाई देसाई यांच्याकडे आली, आणि त्यांनीच १९६७ मध्ये ‘बाएफ’ स्थापन केली. परदेशी जातींच्या गोठित रेताने गावठी गाईंचा संकर आणि तोही शेतकऱ्याच्या दारात जाऊन, हा तिचा मार्ग होता. त्याआधी भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केली होती, आणि कृत्रिम रेतनाने म्हशीचे पहिले पारडू १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मले. आज महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या प्रयोगशाळाही गोठित रेत पुरवतात. होल्स्टीन आणि जर्सीबरोबर खिल्लारसारख्या देशी जाती आणि पंढरपुरी म्हैसही त्यात आहे.

वळूच्या वृषणात एका शुक्राणूची घडण सुमारे ६१ दिवस चालते. माणसात हा काळ साधारण ७४ दिवसांचा धरला जातो, रेड्यात तो वळूपेक्षाही कमी असतो. या काळाच्या अखेरच्या टप्प्यात केंद्रकातील हिस्टोन प्रथिने जातात आणि त्यांच्या जागी आधी संक्रमण प्रथिने व मग प्रोटामीन येतात. प्रोटामीन हे अर्जिनीनने भरलेले छोटे प्रथिन डीएनएला इतके आवळते की केंद्रक आकुंचन पावून चपटे होते. वळूत प्रामुख्याने एकाच प्रकारचे प्रोटामीन असते, माणसात आणि उंदरात दोन. हे आवळणे वृषणात पूर्ण होत नाही. प्रोटामीनमधील गंधकयुक्त सिस्टीन एकमेकांशी डायसल्फाइड बंधांनी जोडले जातात ते अधिवृषणातून जाताना, आणि शेपटीतील तंतूही याच वेळी ताठ होतात. म्हणून अधिवृषणाच्या सुरुवातीचा शुक्राणू रासायनिकदृष्ट्या मऊ असतो आणि शेवटचा कणखर.

या सगळ्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी लागते. अंडकोशाची सुरकुतणारी कातडी, घाम आणि धमनीभोवतीचे शिरांचे जाळे ते राखतात. बारामती–इंदापूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत जातो, तेव्हा वळूच्या रेताचा दर्जा घसरतो. ती घसरण त्याच आठवड्यात न दिसता पुढे काही आठवडे दिसत राहते, कारण उष्णतेने दुखावलेली पेशी घडण पूर्ण करून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. उष्णतेचा मार फक्त वृषणाला बसतो असे समजले जाते, ते अपुरे आहे. अधिवृषणाच्या शेपटीकडील भाग शरीराच्या तापमानाला ठेवला तर तिथल्या पेशींचा स्राव बदलतो आणि शुक्राणू साठवण्याची क्षमता कमी होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

वृषणातून शुक्राणू वाहत बाहेर येतात ते भरपूर द्रवातून. अपवाही नलिकांत यातला फार मोठा भाग शोषला जातो आणि शुक्राणू दाट होतात. हे शोषण इस्ट्रोजेनच्या ग्राहकावर अवलंबून आहे, हे १९९७ मध्ये रेक्स हेस आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले. स्त्रीचे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक नराच्या जननक्षमतेला इतके आवश्यक असेल अशी तेव्हा फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. वृषणातल्या द्रवातील क्लस्टरिन हे प्रथिनही याच टप्प्यावर भेटते. मेंढ्याच्या वृषणद्रवात ते सापडले आणि पेशींचे पुंजके करण्याच्या गुणावरून त्याला नाव मिळाले. पुढे अधिवृषणातही ते मुबलक स्रवते. बिघडलेल्या घडीची प्रथिने सावरणे हे त्याचे एक काम मानले जाते, आणि सदोष शुक्राणूंवर ते जास्त आढळते.

अधिवृषण ही एकच नळी आहे, प्रचंड वेटोळी पडलेली. उलगडली तर वळूत ती ३० मीटरहून लांब भरते, माणसात सुमारे ६ मीटर. डोके, धड आणि शेपूट असे तिचे तीन भाग मानतात आणि डोक्याच्या आधी एक आरंभखंड. वळूत शुक्राणूला ही नळी पार करायला ८ ते ११ दिवस लागतात. दीर्घकाळ असे मानले जाई की या नळीत शुक्राणू फक्त मुरतो : वेळ गेला की तो आपोआप परिपक्व होतो आणि नळी केवळ जागा देते. विल्यम यंग यांनी १९३१ मध्ये गिनिपिगवरील प्रयोगांतून हाच निष्कर्ष काढला होता. १९६७ मध्ये जॉन बेडफर्ड आणि मारी-क्लेर ऑर्जेबें-क्रिस्त यांनी स्वतंत्रपणे सशांवर काम करून तो उलटवला. शुक्राणूंना नळीच्या वरच्या भागातच अडवून धरले, तर कितीही वेळ गेला तरी त्यांना पूर्ण जननक्षमता येत नाही, त्यांना खालच्या भागांचा संपर्क लागतोच. या शोधानंतर अधिवृषणाचा प्रत्येक तुकडा काय स्रवतो हा प्रश्न उभा राहिला, आणि तो आजही या क्षेत्राच्या मध्यभागी आहे.

त्याचे उत्तर असे की नळीचे शेजारशेजारचे भागही वेगवेगळी जनुके वापरतात. वळूच्या अधिवृषणद्रवात वरच्या भागात लिपोकॅलिन गटाची प्रथिने भरपूर असतात. ती रेटिनॉइक आम्ल किंवा प्रोस्टाग्लँडिनसारखे स्निग्ध रेणू वाहतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ५ हे प्रथिन पटलाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. माणसात एचई१ या नावाने सापडलेले आणि पुढे एनपीसी२ म्हणून ओळखले गेलेले प्रथिन कोलेस्टेरॉल बांधते. सिस्टीनबहुल स्रावी प्रथिनांपैकी पहिले उंदरासारख्या प्राण्यांत १९७० च्या दशकात अर्जेंटिनात वर्णिले गेले, आणि ते शुक्राणू व अंडपेशीच्या बंधात भाग घेते. दुसरीकडे वृषणात बनलेली ॲडम कुळातली प्रथिने अधिवृषणात कापली जातात. कापल्यानंतरच ती आपल्या जागी, शुक्राणूच्या डोक्याच्या पृष्ठभागावर, कामाला येतात.

यातला सर्वांत सुंदर शोध अलीकडचा आहे. वृषणात बनणारे एनईएलएल२ हे प्रथिन शुक्राणूंबरोबरच नळीतून वाहत अधिवृषणाच्या आरंभखंडात पोहोचते आणि तिथल्या पेशींवरील आरओएस१ ग्राहकाला बांधते. त्यामुळे त्या पेशी परिपक्व होतात आणि ओव्हीसीएच२ नावाचे प्रथिन कापणारे विकर सोडतात, ज्यामुळे शुक्राणूवरील ॲडम३ तयार होते. एनईएलएल२ नसलेले नर उंदीर वंध्य ठरतात. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये हे मांडले. वृषण पुढच्या अवयवाला नळीतून निरोप धाडते, ही कल्पना तोवर सूचना म्हणून मांडली जात होती, ती इथे रेणूंच्या पातळीवर सिद्ध झाली.

काही प्रथिने मोकळी न येता इवल्याशा पिशव्यांत येतात. या पिशव्यांना एपिडिडिमोसोम म्हणतात. हॅमस्टरच्या अधिवृषणात त्या १९८५ मध्ये रियुझो यानागिमाची यांनी सहकाऱ्यांसह दाखवल्या. पेशीच्या टोकातून फुग्यासारखे भाग निसटतात, फुटतात आणि त्यांतल्या पिशव्या शुक्राणूला चिकटून आपल्यातील पटलबद्ध प्रथिने त्याच्या पटलात सोपवतात. क्वेबेकच्या रॉबर्ट सुलिव्हन यांच्या गटाने वळूतील पी२५बी आणि माणसातील पी३४एच ही याच वाटेने मिळणारी प्रथिने अभ्यासली. कमी जननक्षम वळूंत पहिले कमी आढळते आणि स्पष्टीकरण न मिळालेल्या वंध्यत्वातील काही पुरुषांच्या शुक्राणूंवर दुसरे नसते, जरी त्यांचे वीर्य संख्येने आणि हालचालीने चांगले असले तरी. एपिडिडिमोसोममधून लहान आरएनएही शुक्राणूत जातात. पित्याच्या आहाराचा किंवा ताणाचा परिणाम त्यांतून पुढच्या पिढीवर होतो का, यावर उंदरांत बरेच काम चालू आहे. गाईंत हे सिद्ध झाले असे म्हणणे घाईचे होईल.

बीटा-डिफेन्सिन ही जंतूंशी लढणारी म्हणून ज्ञात प्रथिने. अधिवृषणात त्यांची मोठी जनुकमालिका कार्यरत असते. त्यांतले डीईएफबी१२६ शुक्राणूला जणू वेढून टाकते आणि त्याच्या शर्करेच्या झालरीमुळे शुक्राणू ग्रीवेच्या चिकट द्रवातून सुखरूप सरकतो, मादीच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतो. माणसातील या जनुकाच्या एका बदललेल्या रूपावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की ज्या पुरुषांत ते रूप दोन्ही प्रतींत असते, त्यांच्या जोडप्यांत गर्भधारणेला अधिक काळ लागतो. त्यांच्या शुक्राणूंत नेहमीच्या तपासणीत वावगे काही दिसत नव्हते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत म्हशीच्या बीटा-डिफेन्सिनवर काम झाले आहे.

पोहण्याची क्षमता हा परिपक्वतेचा सर्वांत डोळ्यांना दिसणारा भाग, पण त्यामागचा रासायनिक मार्ग गुंतागुंतीचा आहे. वळूच्या अधिवृषणाच्या डोक्यातला शुक्राणू नुसता वळवळतो. शुक्राणूच्या शेपटीतील प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी आणि उतरवणारी विकरे, सायक्लिक एएमपी, कॅल्शियमची पातळी आणि पेशीतले आम्लत्व यांचा तोल बदलला की पुढे जाण्याची गती येते. वरच्या भागातल्या निश्चल शुक्राणूंत पीपी१ गॅमा२ हे फॉस्फेट उतरवणारे विकर अधिक सक्रिय असते आणि परिपक्व होताना ते दबते. कोलकात्याच्या रासायनिक जीवशास्त्र संस्थेत गोपाल मजुमदार यांच्या गटाने म्हशीच्या रक्तद्रवातून पुढे जाण्याची गती वाढवणारे एक प्रथिन शुद्ध केले होते.

दर्जा तपासणाऱ्याला याच टप्प्याची एक खूण हाती लागते. शुक्राणूच्या मानेजवळ शिल्लक राहिलेल्या पेशीद्रवाचा थेंब अधिवृषणातून जाताना मागे सरकत शेवटी गळून पडतो. रेताच्या नमुन्यात मानेजवळ थेंब असलेले शुक्राणू जास्त दिसले तर ते कच्चे आहेत, किंवा अधिवृषणाचे काम बिघडले आहे. तरुण वळू आणि अतिवापर झालेला वळू या दोघांतही हे दिसते.

अधिवृषणाच्या शेपटीत परिपक्व शुक्राणू साठतो. तिथला द्रव आम्लधर्मी, बायकार्बोनेटने कमी आणि कार्निटीनसारख्या लहान रेणूंनी दाट असतो. या वातावरणात शुक्राणू निश्चल राहतो आणि आपली ऊर्जा वाचवतो. भिंतीतल्या खास पेशी प्रोटॉन बाहेर टाकून हे आम्लत्व राखतात.

इथवरचे काम धीम्या गतीने होते. स्खलनाच्या क्षणी सर्व काही एकदम बदलते. वळूत शुक्राशय, अँपुला, पुरःस्थ ग्रंथी आणि काउपर ग्रंथी या सहायक ग्रंथींचा स्राव शुक्राणूत मिसळतो. आम्लत्व जाते, बायकार्बोनेट येते आणि शुक्राणू जागा होतो. आणि एका झटक्यात त्याच्यावर प्रथिनांचा वर्षाव होतो. वळूच्या रेतद्रवातील, म्हणजे शुक्राणू वगळता उरणाऱ्या द्रवातील, प्रथिनांत बीएसपी, म्हणजे बंधक रेतप्रथिनांचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. यांतील बीएसपी१ ला पीडीसी-१०९ असेही म्हणतात, कारण त्यात १०९ अमिनो आम्ले आहेत. बीएसपी३ आणि बीएसपी५ ही त्याची भावंडे. ती शुक्राशयात बनतात, त्यांच्यात फायब्रोनेक्टिनमध्ये असणारे दोन विशिष्ट घटक असतात, आणि ती शुक्राणूपटलातील फॉस्फॅटिडिलकोलीनला बांधतात. हैदराबाद विद्यापीठात मुस्ती स्वामी यांच्या गटाने या बंधाची रचना आणि पीडीसी-१०९ चे इतर प्रथिनांना सावरण्याचे गुण तपशीलवार अभ्यासले आहेत.

बीएसपीचे काम दुहेरी आहे, आणि कांडीच्या दृष्टीने हीच या लेखाच्या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब. निसर्गात गाईच्या प्रजननमार्गात पोहोचलेला शुक्राणू या प्रथिनांच्या आधाराने बीजवाहिनीच्या भिंतीला चिकटतो आणि अंडे सुटण्याची वेळ येईपर्यंत तिथे जिवंत राहतो. पुढे ही प्रथिने पटलातून कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड हलवून शुक्राणूला अंडपेशीपर्यंत पोहोचण्याच्या अवस्थेत नेतात. या अखेरच्या तयारीला कॅपॅसिटेशन म्हणतात, ती १९५१ मध्ये मिन चुएह चांग आणि कॉलिन ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे शोधली. पण बीएसपीचा परिणाम वेळेवर आणि प्रमाणावर अवलंबून आहे. निसर्गात शुक्राणू काही मिनिटांत रेतद्रवापासून सुटतो. कृत्रिम योनीतून पेल्यात घेतलेल्या रेतात तो त्याच प्रथिनांत अडकून राहतो. तिथे पटलातून कोलेस्टेरॉल सतत निसटत राहिले तर पटल अस्थिर होते आणि गोठवताना टिकत नाही. म्हणजे ज्या प्रथिनाने गाय गाभण राहायला मदत होते, तेच बाटलीत वेळ वाढला की शुक्राणूचे नुकसान करते. हे एकदा लक्षात आले की रेत घेतल्यावर ताबडतोब विरळ करण्याची प्रयोगशाळेतील घाई नुसती शिस्त राहत नाही.

गंमत अशी की या समस्येवरचा उपाय तिच्या उलगड्याच्या साठ वर्षे आधी वापरात आला. १९४० मध्ये पॉल फिलिप्स आणि हेन्री लार्डी यांनी अंड्याच्या बलकाच्या मिश्रणात वळूचे रेत टिकवून दाखवले. दुधाचाही असाच वापर सुरू झाला. १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी ग्लिसरॉलचा गुण शोधला आणि रेत गोठवणे शक्य झाले. बलक का उपयोगी पडतो हे मात्र कळत नव्हते. २००० नंतर माँट्रियालमधील पुट्टस्वामी मंजुनाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बलकातील कमी घनतेची स्निग्धप्रथिने बीएसपीला धरून ठेवतात, त्यामुळे ती शुक्राणूपटलाला जास्त प्रमाणात बांधली जात नाहीत आणि कोलेस्टेरॉलचा निसटणारा ओघ थांबतो. दुधातील केसीनचे कणही हेच करतात. दुधाच्या धंद्यासाठी जन्माला येणाऱ्या कालवडीच्या पित्याचे रेत दुधाच्याच प्रथिनाने वाचावे, ही वस्तुस्थिती गोठ्यात कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी.

पण प्राणी बदलला की प्रथिनाचा खेळ बदलतो. बोकडाच्या काउपर ग्रंथीच्या स्रावात बलक साकळवणारे विकर असते, हे ए. रॉय यांनी १९५७ मध्ये लक्षात आणून दिले. लिपेजसारखे दुसरे विकर दुधाच्या मिश्रणातील स्निग्ध पदार्थ तोडून शुक्राणूला अपायकारक आम्ले सोडते. वळूवर चाललेला उपाय बोकडावर तसाच चालत नाही, आणि बोकडाचे रेत गोठवताना रेतद्रव धुऊन काढण्याची पद्धत आली ती यामुळे. बारामतीपासून जवळच असलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्यांमध्ये गोठित रेताने कृत्रिम रेतनाचे काम केले आहे, त्या कामात ही अडचण टाळता येत नाही. रेड्याचे रेतही वळूच्या रेतापेक्षा गोठवायला नाजूक मानले जाते. त्याच्या शुक्राणूपटलातील स्निग्ध आम्लांची रचना ऑक्सिडीकरणाला लवकर बळी पडते, म्हणून वळूसाठी ठरलेले प्रमाण रेड्यासाठी जसेच्या तसे वापरणे योग्य नाही.

रेतद्रवातील काही प्रथिने जननक्षमतेशी थेट जुळतात का, याचा शोध पेनसिल्व्हेनियातील गॅरी किलियन यांनी १९९३ मध्ये घेतला. होल्स्टीन वळूंच्या रेतद्रवात दोन प्रथिने अधिक जननक्षम वळूंत जास्त आढळली आणि दोन कमी जननक्षम वळूंत. पुढे अधिक जननक्षम वळूंतील दोन प्रथिनांपैकी एक ऑस्टिओपाँटिन आणि दुसरे लिपोकॅलिन प्रकारचे प्रोस्टाग्लँडिन डी सिंथेस असल्याचे कळले. त्यानंतर अशा संबंधांचे अनेक अभ्यास झाले, आणि बरेचसे दुसऱ्या वळूसमूहात टिकले नाहीत. एका वळूच्या रेतात शेकडो प्रथिने असतात. जात, वय, ऋतू, रेत घेण्याचे अंतर या सर्वांनी त्यांचे प्रमाण बदलते, म्हणून मोठा नमुना असल्याशिवाय एखादे प्रथिन खूण म्हणून स्वीकारू नये.

सर्वांत ठाम उदाहरण जर्मनीतून आले. फ्लेकफी जातीतील काही वळूंचे रेत संख्या, गती आणि आकार या सर्व कसोट्यांना उतरत होते, पण त्यांच्या रेताने रेतनाचे यश दोन टक्क्यांहून कमी होते. २०१४ मध्ये त्याचे कारण सापडले. शुक्राणूच्या डोक्यावरील टीएमईएम९५ या प्रथिनाचे जनुक अर्ध्यातच थांबवणारा बदल त्यांच्यात दोन्ही प्रतींत होता. शुक्राणू अंडपेशीशी एकरूप होण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांच्या गटात हे एक. त्यातील इझुमो१ हे जपानमध्ये २००५ मध्ये आणि त्याला अंडपेशीवर जोडणारे जुनो २०१४ मध्ये शोधले गेले. अशा वळूची कांडी आपल्या गावात येत असती तर गाय कितीही वेळा भरवूनही उलटत राहिली असती, आणि दोष माज ओळखणाऱ्यावर आला असता.

भारतातील नियमांनुसार एका कांडीत गोठवण्यापूर्वी साधारण २ कोटी शुक्राणू ठेवले जातात आणि वितळवल्यावर किमान ५० टक्के शुक्राणू पुढे पोहणारे असावेत असा दंडक आहे. कांडी द्रव नत्रात उणे १९६ अंश सेल्सियसला राहते आणि ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे ३० सेकंद वितळवली जाते. शुक्राणूची संख्या आणि गती मोजणे आवश्यक आहे, पण पटलावरील प्रथिनांविषयी या मोजणीतून काही कळत नाही. एका वेळच्या रेतातून शेकडो कांड्या बनत असल्याने वळूतील छोटा दोष शेकडो गाईंपर्यंत पोहोचतो. म्हणून वळू निवडताना रेताच्या तपासणीबरोबर जनुकीय तपासणी आणि प्रत्यक्ष गाभण राहण्याच्या नोंदी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. गावपातळीवर भरवलेल्या प्रत्येक गाईची आणि वळूच्या क्रमांकाची नोंद ठेवली, तर कोणत्या वळूची कांडी चालते हे प्रयोगशाळेपेक्षा लवकर कळू शकते.

माणसाच्या बाजूने हाच विषय मुंबईत दीर्घकाळ अभ्यासला गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५४ मध्ये तिथे गर्भनिरोधक तपासणी केंद्र सुरू केले, तेच १९७० मध्ये प्रजनन संशोधन संस्था झाले. परळच्या या संस्थेत ए. आर. शेठ यांच्या गटाने वीर्यातून वेगळे केलेले एक लहान प्रथिन आधी इन्हिबिन म्हणून वर्णिले गेले. पुढे ते पुरःस्थ ग्रंथीचे पीएसपी९४ असल्याचे दिसून आले. पुरुषांच्या वीर्यातील मुबलक प्रथिनांत ते येते. संस्थेतच आत्माराम बांदिवडेकर यांनी ८० किलोडाल्टनच्या शुक्राणूप्रथिनाचा प्रतिजन म्हणून अभ्यास केला, जो गर्भनिरोधक लशीच्या शक्यतेशी जोडलेला होता. लशीचा हा मार्ग वापरात आलेला नाही. पण जे प्रथिन अंडपेशीशी जोडायला लागते त्याला अडवले तर गर्भधारणा थांबेल, ही कल्पना नव्या औषधांच्या शोधात कायम आहे. अमेरिकेतील मायकेल ओ’रँड यांनी शुक्राणूवरील एपिन प्रथिनाविरुद्ध माकडांना लस देऊन त्यांची जननक्षमता पुढे परत येऊ शकेल अशा रीतीने रोखली. हे प्रथिन वीर्यातील सेमेनोजेलिनला बांधते. सेमेनोजेलिन वीर्य घट्ट करते आणि पीएसए नावाचे विकर ते थोड्या वेळाने पातळ करते.

रोगनिदानात यातले काही आज वापरात आहे. वीर्यात शुक्राणूच नसतील तर नळी बंद आहे की वृषणच ते बनवत नाही, हा प्रश्न येतो. अधिवृषणातून येणारे न्यूट्रल अल्फा-ग्लुकोसिडेज आणि शुक्राशयातून येणारे फ्रुक्टोज मोजून अडथळा कुठे आहे याचा अंदाज घेता येतो. अलीकडे वृषणातील टीईएक्स१०१ आणि अधिवृषणातील ईसीएम१ या प्रथिनांच्या मोजणीवरही काम झाले आहे, ज्यामुळे वृषणातून ऊती घेण्याची शस्त्रक्रिया काही वेळा टाळता येईल अशी अपेक्षा आहे.

गोठ्यांत सर्वांत जास्त मागणी आता कालवड देणाऱ्या लिंगनिश्चित रेताची आहे. देशात विकसित केलेले असे तंत्रज्ञान ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे सादर झाले. परदेशी पद्धतीत एक्स आणि वाय गुणसूत्राचे शुक्राणू डीएनएच्या प्रमाणातील थोड्या फरकावर वेगळे केले जातात. त्यासाठी त्यांना रंगवून, भरपूर विरळ करून, दाबाखाली अरुंद छिद्रातून सोडावे लागते आणि कांडीत फक्त सुमारे २० लाख शुक्राणू उरतात. विरळ करण्यात रेतद्रवाची बीएसपी व इतर प्रथिने जवळपास धुऊन जातात, पटल लवकर कॅपॅसिटेशनकडे जाते आणि शुक्राणूचे आयुष्य घटते. म्हणून अशा कांडीने रेतन माज संपत आल्यावर, अंडे सुटण्याच्या वेळेजवळ करायचे असते आणि ते कालवडींत जास्त यशस्वी ठरते. मेंढ्यात वेगळे केलेल्या शुक्राणूंना रेतद्रवातील प्रथिने परत दिल्यास पटल टिकते असे प्रयोगांत दिसले आहे. वळूत मात्र तीच प्रथिने कधी उपयोगी तर कधी अपायकारक ठरतात, आणि नेमके किती द्यायचे हे प्रमाण अजून ठरलेले नाही.